पाचवा खांब

त्या देवळाच्या आत मी गेलोच नव्हतो. हे मी आजवर कोणालाही सांगितलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या मिलिंदला तर नाहीच. आज सकाळी दहा वाजेपर्यंत हे वाक्य माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलेलं नव्हतं.

आता दुपार आहे. देवळाच्या पायरीवर बसून लिहितोय. समोर नाला, पलीकडे कपाशी, आणि छाती अशी उडते आहे जशी विशीत राजूर घाट सायकलवर ब्रेक न लावता उतरताना उडायची. लाज वाटायला हवी. वाटतेच आहे. पण तिच्या बरोबरीने एक विलक्षण हुरूप आला आहे, आणि तोही लपवत नाही. लपवालपवी पुष्कळ झाली.

आमच्या तालुक्यात मला ‘देवळंवाले सर’ म्हणतात. दर हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन जातो. सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, कधी देऊळगाव राजा. पोरांना कीर्तिमुख कसं ओळखायचं ते सांगतो. बारवेत उतरताना मोठ्याने बोलायला लावतो, म्हणजे आवाज परत येतो. पण मोताळा तालुक्यातल्या, धामणगाव बढ्याच्या बाजूच्या या एका देवळात मी पोरांना कधी आणलं नाही. रस्ता खराब आहे म्हणायचो. रस्ता डांबरी होऊन जमाना झाला.

गेल्या आठवड्यात मिलिंदचा फोन आला. सतराशे साठ गोष्टी झाल्यावर म्हणाला, “अरे, आपली पोरगी मित्रा आर्किटेक्चर करून राह्यली ना? तिले आपल्या जिल्ह्यातली हेमाडपंती देवळं घ्यायची आहेत अभ्यासाले. माझी जुनी वही सापडली तिले. आता मांगंच लागली, बाबा दाखवा म्हणते.”

“कोणती वही?” मी विचारलं. जणू मला माहीतच नव्हतं.

“कोणती म्हणजे? आपली! सुतळीवाली!”

फोन ठेवला आणि नाकात एकदम तो वास आला. सुतळीचा. भिजून वाळलेल्या तागाचा, थोडा रॉकेलचा, थोडा बोरांचा. कारण सुतळी मिलिंदच्या पिशवीत असायची, आणि पिशवीत तिच्याबरोबर रॉकेलची बाटली, कंदील आणि वाटेत वेचलेली बोरं.

आम्ही दोघं मोताळ्याचे. कॉलेजला बुलढाण्याला जायचो. मिलिंदचे वडील पोस्टमन. त्यांची खाकी पिशवी जुनी झाली की मिलिंदकडे यायची. त्याच्या हातात पेन्सिल आली की आमची सगळ्यांची बडबड थांबायची, असा तो काढायचा. आम्ही गल्लीत क्रिकेट खेळायचो तेव्हा हा एसटी स्टँडच्या छपराच्या तिरप्या लोखंडी कैच्या काढत बसलेला. एकदा मी म्हणालो, “छपराचं काय काढतं बे? देवळं काढ.” त्याने मान वर केली. “चालतं. तू येशील?”

बस. एवढ्यावर आमचे तीन हिवाळे गेले.

आणि काय हिवाळे होते ते! सुट्टी लागायचा अवकाश. पहिल्या एसटीने निघायचं, खिडकीच्या काचा खडखडत, गुडघ्यावर पिशवी. चिखलीला उतरून गरम भजी, कागदावर तेलाचा डाग, आणि त्या डागातून मिलिंद सूर्याकडे बघायचा. मग पुढची गाडी. तुरीच्या शेतांवर धुकं, हरभऱ्याचा आंबट वास, बाजारच्या दिवशी गाडीत कोंबड्या, आणि कंडक्टरचा ओरडा, “मांग सरका, मांग सरका, अख्खी गाडी रिकामी आहे!”

सिंदखेड राजाला पहिल्यांदा गेलो तेव्हा राजवाड्याच्या दरवाज्यासमोर मिलिंद इतका वेळ उभा राहिला की एका पानवाल्याने विचारलं, “काही हरवलं का?” मिलिंद म्हणाला, “नाही, सापडलं.” पुतळा बारवेत उतरलो. दगडातल्या बायका, हत्ती, पाण्याचा गार श्वास. वर ऊन कडक आणि खाली अंगावर काटा. मोती तलावाच्या भिंतीवर बसून दशम्या खाल्ल्या, लसणाची चटणी बोटांना लागलेली, आणि तशा बोटांनी वहीला हात लावला म्हणून मी शिव्या खाल्ल्या. तो डाग वहीत अजून आहे. आज पाहिला.

मेहकरला शारंगधराच्या देवळात गर्दी होती, तुळशीचा आणि ओल्या फुलांचा वास होता. मी रांगेत उभा राहून आत गेलो. बाहेर आल्यावर मिलिंदने एकेक गोष्ट विचारली. मूर्ती किती उंच? हातात काय काय? प्रभावळीत कोण? मी सांगत गेलो, तो काढत गेला. काढून झाल्यावर बाजूने एक फूलवाली वाकून म्हणाली, “बाई वं, हुबेहूब! कितीखेप पाह्यलं रे बाबू?” मिलिंद म्हणाला, “मी नाही पाह्यलं. यानं पाह्यलं.” त्या वाक्याने मी दोन दिवस हवेत होतो.

हे इथेच सांगायला हवं. मिलिंद देवळाचा उंबरठा ओलांडत नसे. कोणी अडवलं म्हणून नाही. त्याच्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात देव नव्हता आणि देवळात जाणं नव्हतं. आमच्या पहिल्या सहलीच्या आदल्या दिवशी त्याच्या वडिलांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. टपालाचे गठ्ठे बांधता बांधता. “दगड पाहा. ज्यानं कोरला त्याले सलाम करा. त्याची जात कोणी लिहून ठेवली नाही, पण हात तर दिसते ना? आत जायचं आमचं काही काम नाही. मिलिंदनं मले शब्द देला आहे.” मग माझ्याकडे बघून, “आतलं तू पाह्यजो. नीट पाह्यजो. हा तुह्या डोळ्यानं काढन.”

तुह्या डोळ्यानं. आमच्या कामाची पद्धतच तशी ठरली. सुतळीला हाताहातावर गाठी मारलेल्या. बाहेरचं माप मिलिंद घ्यायचा. आतलं मी. तो दारात सुतळीचं एक टोक धरून उभा राहायचा, मी दुसरं टोक घेऊन आत जायचो. सुतळी त्याच्या मुठीतून सरकायची, तो गाठी मोजायचा. भिंत लागली की मी दोन झटके द्यायचो. मग बाहेर येऊन सांगायचं, खांब किती, कोणत्या घडणीचे, छतावर काय. त्याने कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

लोणारला तर आम्ही वेडे झालो. दैत्यसूदनाच्या छतातली मूर्ती मी आत मान वर करून बघायचो आणि दारापर्यंत धावत येऊन सांगायचो, परत आत, परत दारात. सात-आठ खेपा. पुजारी हसून म्हणाला, “बे, तुमचं टपाल चाललं आहे का?” मग गोमुखाच्या धारेखाली डोकं धरलं, आणि ओल्या केसांनी विवरात उतरलो. बाभळी, माकडं, मोराची केका चहूबाजूंनी फिरून येणारी, आणि खाली ते हिरवं पाणी, खाऱ्या सोड्याचा उग्र वास. कमळजेच्या देवळाबाहेर मिलिंदने पुडीतली हळद काढली. चिमूटभर पाण्यात टाकली. हळद लाल झाली! डोळ्यांदेखत! आम्ही दोघं बैलासारखे ओरडलो. पुडी संपेपर्यंत टाकत राहिलो. परत वर चढताना मिलिंद म्हणाला, “मेहकरच्या त्या कंचनी नाचणारणीनं इथल्या देवीचा दिवा दिसावा म्हणून सात मजल्यांचा महाल बांधला म्हणतात. आपल्याले तर एसटीनं दिसलं बे. आपण किती नशीबवान!”

इतकं सगळं खरं होतं. एवढंच एक खोटं निघालं.

तिसऱ्या हिवाळ्यात हे देऊळ सापडलं. सापडलं म्हणजे आम्हाला. गावाला ते माहीतच होतं. सायकलींवर आलो होतो. बाहेरचा मंडप उघडा, बारा खांब, प्रत्येकावर वेगळी वेल. मिलिंद नाचलाच. दुपारभर त्याने ते बारा खांब काढले. मग आतलं दालन राहिलं. त्याला एकच दार, खिडकी नाही, आत काळोख. रॉकेल संपलेलं म्हणून कंदील नव्हता. मी काड्यापेटी घेऊन उंबरठा ओलांडला. तीन पावलं टाकली असतील. आधी तो कुबट, तिखट वास. मग डोक्यावर काहीतरी हललं. आणि अख्खं छत सुटून अंगावर आल्यासारखी वटवाघळं.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभा राहिलो. बाहेरून मिलिंद, “लागली का भिंत?”

लोणारला सात-आठ खेपा घालणारा मी. ‘यानं पाह्यलं’ ऐकून हवेत चालणारा मी. त्याला कसं सांगणार, की भीती वाटते?

मी सुतळी ओढू लागलो. एक हात, दोन हात. ओढायची आणि पायाशी गोळा करायची. मिलिंदच्या मुठीतून गाठी सरकत होत्या, तो मोठ्याने मोजत होता. “सहा... सात... आठ...” आठला मी दोन झटके दिले. बाहेर आलो, अंगावरची धूळ झटकली.

“खांब?”

“चार,” मी म्हणालो. “साधेच आहेत.” चारच असतात अशा दालनात. चारी कोपऱ्यांकडे चार. हिशोबाने बरोबर होतं.

त्याने चार काढले.

त्या वहीतली दोन-तीन पानं उतरवून त्याने अर्ज केला, आणि बोलावणं आलं. जुन्या वास्तूंचे नकाशे करणारं एक ऑफिस होतं, गावाचं नाव नको. तिथे शिकाऊ नकाशाकार घेणार होते. पोस्टमनकाकांनी स्वतः ते पत्र घरी आणलं. सायकल लावली नाही, टाकली. “मिल्या! आज मीच मह्या घरचं टपाल वाटून राह्यलो!” अख्ख्या आळीला पेढे.

मी सोबत गेलो. नकाशांची गुंडाळी माझ्या हातात. टेबलामागे एक वयस्क गृहस्थ, चष्मा, अतिशय सभ्य. एकेक पान उलटताना त्यांचा चेहरा खुलत गेला. सिंदखेड राजाच्या दरवाज्यावर थांबून म्हणाले, “वा!” लोणारच्या छतावर बोट ठेवून, “हे तुम्ही काढलंत?” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग या देवळाचं पान आलं. ते थांबले. कपाटातून एक फोटो काढून त्यांनी पानाशेजारी ठेवला.

“हा मधला खांब कुठे आहे?”

फोटोत पाच होते. चार कोपऱ्यांकडचे, आणि एक मधोमध.

“वरची तुळई तडकलेली आहे,” गृहस्थ म्हणाले. “तिला टेकू म्हणून हा नंतर लावलाय. सगळं देऊळ याच्यावर उभं आहे. आत गेलेल्या माणसाला हा चुकूच शकत नाही. तुम्ही स्वतः आत गेला होतात?”

मिलिंदने फोटो जवळ ओढून पाहिला. वडिलांना दिलेला शब्द त्या टेबलावर ठेवायचा नव्हता त्याला. आणि मी, त्याच्या मागे दोन पावलांवर. मी काय केलं? गुंडाळी या हातातून त्या हातात घेतली.

“माझी चूक आहे, सर,” मिलिंद म्हणाला. “लिहिताना चुकलो.”

गृहस्थ हळू आवाजात म्हणाले की या कामात न पाहिलेलं काढणं एवढी एकच गोष्ट माफ नसते. वही मिटून, दोन्ही हातांनी, आदराने परत दिली.

परतीच्या गाडीत मिलिंद खिडकीशी बसला होता. चिखली आली, भज्यांचा वास आला, तो उतरला नाही. गाडी पुढे निघाल्यावर म्हणाला, “तू पाच सांगतले असशील बे. मीच चार लिहिले. तिसऱ्या प्रहरी डोळे शिणलेच होते मह्ये.” आणि वर माझ्याच खांद्यावर हात ठेवला. “जाऊ दे. तू काऊन तोंड पाडून बसला?”

पुढे तो नाशिककडे गेला. पाण्याच्या टाक्या, नळ, गटारं यांचे नकाशे केले आयुष्यभर. चांगलं घर केलं. पोरगी हुशार निघाली. पण देऊळ त्याने परत काढलं नाही. इकडे मी देवळंवाले सर झालो.

आज सकाळी मिलिंद आणि मित्रा यायच्या आधी पोचायचं म्हणून उजाडता उजाडता निघालो. अंगात नुसती घाई. काय पाहायला चाललो होतो, शिक्षा की सहल, मला सांगता येत नव्हतं. गुरवीण आजी मंडप झाडत होती. मोबाइलची बत्ती लावून मी उंबरठा ओलांडला. वास तोच. वरती तीच सळसळ. पाठीला घाम, पण पाय चालत राहिले. एक, दोन, तीन, चार. आणि मधोमध तो.

हात लावला. बाकीचे चौघं कोरलेले आहेत. वेल आहे, घंटा आहेत. मी ‘साधेच’ म्हणालो होतो, तेही खोटं. हाच एक साधा. टाकीचे घाव जसेच्या तसे, खरखरीत, गार. वर तुळईची तडक बोटभर रुंद.

“टेकू पाह्यला का, सर?” आजी दारातून म्हणाली. “बाकीचे नटून उभे आहेत. वझं यानंच धरलं.”

दहाला गाडी आली. मिलिंदचे केस पांढरे, चाल तीच, लांब ढांगांची. “काय सर!” म्हणून त्याने मला असं कवटाळलं की चष्मा निसटला. मित्रा धावतच मंडपात. “काका, हे खांब! बाबा, तुम्ही काढलेले सेम आहेत!” बाराही खांबांना तिने हात लावला. बापासारखीच, थोडी नाचली. माझे डोळे भरून आले आणि हसू आवरेना.

मग ती आतल्या दाराशी थांबली. मागे बघितलं. “बाबा, मी जाऊ?”

“तुह्या आजोबाले शब्द मी देला होता. तू नाही,” मिलिंद म्हणाला. “पाहून घे. नीट पाह्यजो.”

ती आत गेली. तो उंबरठ्याबाहेर उभा. मी त्याच्या शेजारी. आतून पंखांची फडफड, तिचं “बाप रे!”, आणि मग स्वच्छ आवाज, “बाबा, पाच!”

“माहीत आहे, बेटा,” मिलिंदने सांगितलं. “वहीत चार आहेत. लिही, चूक माझी होती.”

“तुझी नव्हती,” मी म्हणालो. “मी आत गेलोच नव्हतो, मिलिंद.”

त्याने मान वळवली.

“दाराआड उभा होतो. भेव वाटलं. चार अंदाजानं सांगतले.”

“आणि सुतळी?” तो म्हणाला. “सुतळी तर गेली ना आत. मी धरली होती.”

“पायाशी गोळा केली.”

त्याने आपल्या उजव्या तळहाताकडे पाहिलं. जणू गाठी अजून त्यातून सरकत होत्या.

“वटवाघळं होती का?”

“हो.”

“काऊन नाही सांगतलं बे? गावातून रॉकेल मांगून आणलं असतं. कंदील धरून दारात उभा राह्यलो असतो मी.”

एवढंच बोलला. मग देवळाभोवती पावलं मोजत निघाला, जुन्या सवयीने. एक चक्कर, दोन. मी मागे गेलो नाही. मित्रा बाहेर आली, पेन्सिल कानामागे. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता बापाला विचारलं, “बाबा, वहीत पाच करू?”

“नव्या वहीत पाच कर,” तो लांबून म्हणाला. “जुनीत चारच राहू दे.”

आता दोघं गावात चहाला गेलेत. मला चल म्हणाला नाही. जाताना मात्र वळला, म्हणाला, “उद्या सकाळी लोणारले निघू. हळद आणजो.” त्याने माफ केलं का, ते त्या वाक्यात नव्हतं, आणि मी शोधणारही नाही. पण हळद मी आणणार आहे. पावशेर आणणार आहे. पहिल्या गाडीने निघून, खिडकीच्या काचा खडखडत, पुन्हा ते लाल होणं पाहणार आहे, आणि ही पोरगी ओरडेल तेव्हा मीही ओरडणार आहे.

आज बोललो म्हणून फिटलं, असं मी समजत नाही. ते सभ्य गृहस्थ गेले, ते ऑफिस राहिलं नाही, पेढे वाटणारे पोस्टमनकाकाही गेले. पाहिलं नाही ते काढणारा मुलगा म्हणून ज्याला त्या खोलीतून परत पाठवलं, त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता, एवढंच. त्या टेबलासमोर, तो फोटो पुढ्यात असताना, “साहेब, खोटं मी बोललो” हे एक वाक्य मी म्हणायचं होतं. ते मी मिलिंदचं अजून देणं लागतो.